रिंग बदला की!

मेसचा मोठा कुकर हल्ली शिट्टीच देत नाही. झाकणाच्या कडेनं फुसफुस वाफ जाते आणि डाळ तासभर शिजतेय. रिंग बदलूया म्हटलं की मावशींचं उत्तर ठरलेलं, "चालतंय की रे बाळा, कडेला कणीक लावली की झालं." मेस कमिटीही खूश, खर्च वाचला ना!

काय वाचलं? वातावरणापेक्षा साधारण १ किलो प्रति चौ. सेंमी. दाब जास्त झाला की पाणी १२० अंशांला उकळतं, म्हणून कुकरात डाळ लवकर शिजते. रिंग गळकी असेल तर दाब चढतच नाही. मग ते नुसतं झाकणाचं पातेलं! रबराच्या एका रिंगसाठी आपण १९ किलोचा सिलिंडर जाळतोय. शिवाय सगळे शिट्टीची वाट बघत बसतात आणि आत पाणी आटत जातं. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो. तो त्यासाठीच असतो म्हणा, पण तेवढी वेळ का आणायची?

उद्यमनगरात इंजिनाचं हेड उघडलं की जुनं गॅस्केट परत बसवत नाहीत. कुकर रोज उघडायचा असतो, म्हणून त्याची रिंग लवचिक रबराची. ती मऊ आहे तोवर धुऊन, थंड पाण्यात ठेवून वापरा, माझी हरकत नाही. पण कडक झाली, चिरली किंवा झाकणात सैल पडली तर नवीच हवी, तीही त्याच कंपनीची, त्याच मापाची.

आपली रिंग दोन ठिकाणी चिरलीय. कमिटीनं पुढच्या मीटिंगला ती एकदा हातात घेऊन वाकवून बघावी.