वाचवलं खरं, पण निगा कोण राखणार?

मैत्रिणींनो, हंड्याला आतून पांढरा थर चढवणारं जड पाणी आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. पोलंडच्या उत्तर भागात असंच चुन्याचा अंश असलेलं पाणी जमिनीतून झिरपत वर येतं आणि तिथं बारमाही दलदल राहते. तिच्यात शेवाळं, लव्हाळ्याच्या जातीचं गवत आणि दुर्मीळ ऑर्किड वाढतात. मेलेलं शेवाळ पाण्याखाली पुरतं कुजत नाही, त्याचे थर साचत जातात. त्याला पीट म्हणतात. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं!

पण दलदल म्हटली की माणसाला ती वायाच गेलेली वाटते. शेतीसाठी चर खणले, पाणी काढून दिलं. पीट सुकलं, त्याला हवा लागली आणि हजारो वर्षं साठलेला कार्बन वायू होऊन उडू लागला. पूर्वी शेतकरी गुरांसाठी इथलं गवत कापून न्यायचे. ते परवडेनासं झालं, आणि सुकल्या जागी झुडपं माजली.

याच देशात रोस्पुडा नदीच्या खोऱ्यातली अशीच एक दलदल जवळजवळ शाबूत होती. तिच्यावरून महामार्ग नेण्याचं ठरलं, तेव्हा २००७ साली मोठं आंदोलन झालं. ऑगुस्टूफ गावातून रात्रंदिवस अवजड ट्रक धावायचे, त्यामुळे तिथल्या लोकांची रस्त्याची मागणीही खोटी नव्हती. अखेर २००९ मध्ये मार्ग बदलला. २०१४ मध्ये रस्ता दुसरीकडून सुरू झाला. गावही सुटलं, दलदलही वाचली.

या लढ्याची बातमी झाली. पण बिघडलेल्या दलदली सुधारण्याचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही. युरोपीय संघाच्या 'लाइफ' योजनेतून तिथं चर अडवले गेले, झुडपं तोडली, गवत कापलं. कापलेलं गवत उचलूनही न्यावं लागतं, नाहीतर ते तिथंच कुजून खत होतं आणि नको ते रान वाढतं. शिवाय हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

कुणी म्हणेल, निसर्गाला त्याचं त्याला करू द्या की! रोस्पुडासारख्या शाबूत जागेला ते चालेलही. पण पाणी आपणच पळवलं असेल, तर नुसतं बाजूला होणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

खरी अडचण पैशाची आहे. योजना चार-पाच वर्षांची असते, निगा मात्र कायमची. म्हणून मला वाटतं, कुठलीही पाणथळ जागा सुधारायला घेताना पहिल्या दिवशीच विचारावं, योजना संपल्यावर गवत कोण कापणार आणि त्याची मजुरी कोण देणार? घरातलं रोजचं काम फुकटात धरलं जातं, याचा अनुभव आपल्याइतका कुणाला आहे? जमिनीच्या बाबतीत तरी तसं होऊ नये.