एकाच कॅमेऱ्याची माणसं

जतमध्ये मोबाइल दुरुस्त करणारी दुकानं गल्लीगल्लीत आहेत. कॅमेऱ्याचं काही अडलं, तर मात्र सांगली नाहीतर विजयपूर गाठावं लागतं. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या स्टुडिओवाल्यांचं त्यात फारसं बिघडत नाही. त्यांचं जाणं-येणं चालू असतं आणि त्यांच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखून असतात. अडतं ते हौशी माणसाचं. पगारातून किंवा बेदाण्याच्या पैशातून हौसेनं कॅमेरा घेतलेला असतो, त्यातली निम्मी बटणं कशासाठी आहेत हे कळत नाही आणि घरात विचारायची सोय नसते. अशा वेळी नेमका आपलाच कॅमेरा असलेला दुसरा माणूस तालुक्यात कुठेतरी आहे, हे कळलं की किती धीर येतो ते मी अनुभवलं आहे.

आमच्या भागात तो कॅमेरा म्हणजे निकॉनचा कूलपिक्स पी ९००. २०१५ च्या मार्चमध्ये कंपनीनं तो जाहीर केला. लेन्स बदलायची नाही, वजन नऊशे ग्रॅमच्या आत आणि झूम ८३ पट, म्हणजे २४ मिलिमीटरपासून थेट २००० मिलिमीटरपर्यंतचा पल्ला. एसएलआरवर एवढं लांबचं पाहायचं तर लेन्सची किंमत लाखांच्या घरात जाते आणि ती पेलायला तिकाटणं लागतं. त्यामुळे पक्ष्यांच्या नादी लागलेल्या साध्या माणसांनी देशभर हा कॅमेरा घेतला. जतच्या माळावर तर त्याची फारच गरज. इथं झाडी कमी, लपायला आडोसा नाही, पक्षी माणसाला लांबूनच हेरतो. धाविक आणि पखुर्डी मातीच्याच रंगाचे. ते हलले तरच दिसतात आणि आपण दोन पावलं पुढे टाकली की उठतात.

आमच्यात एक प्राथमिक शाळेचे गुरुजी आहेत, एक द्राक्षबागायतदार अण्णा आहेत, एक मेडिकल दुकानवाले आहेत, एसटीतले एक कंडक्टर आहेत, आणि उमदीकडच्या एक अक्का आहेत ज्यांना हा कॅमेरा भावाकडून मिळाला. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. कुणाची मातृभाषा मराठी, कुणाची कन्नड. बोलणं दोन्हींतून चालतं. जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सगळ्यांच्या हातात तेच यंत्र आहे.

याचा अर्थ काय होतो ते एका फोनवरून सांगतो. अण्णा शेतात होते, मी गुरुजींच्या ओट्यावर बसलो होतो.

“गुरुजी, कापशी बसलीय नांगरटीत, ढेकळावर. पण फोटोत नुसती पांढरी फटक येतीय बघा. पिसंच दिसंनात.”

“मागं काळं रान आहे ना? मग मागच्या चकतीची उजवी कड दाबा. पट्टी येईल. खाली या, उणे पॉइंट सातवर.”

“आलो.”

“आता काढा.”

थोड्या वेळानं परत फोन. कापशी उडून विजेच्या तारेवर बसली होती आणि आता ती काळी येत होती. गुरुजी म्हणाले, “आता मागं आभाळ आहे. पट्टीवर उलटं जावा. अधिक एक करा.”

एकच पक्षी, एकच सकाळ आणि दोन उलटे सल्ले. कारण कॅमेरा चौकटीतला सगळा उजेड मोजून सरासरी काढतो. चौकटीत काळी माती जास्त असली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि पांढरा पक्षी जळतो. आभाळ जास्त असलं की तो उजेड कापतो आणि पक्षी काळवंडतो. हे पुस्तकातही मिळतं. पण पक्षी समोर बसलेला असताना पुस्तक उघडायला वेळ नसतो. गुरुजींनी त्या वेळी कॅमेरा हातातही घेतला नव्हता. त्यांच्या अंगठ्याला चकती पाठ होती. अण्णांच्या कॅमेऱ्यावर वेगळी चकती असती, तर “तुमच्याकडे ते बटण कुठं असतं बघा” इथंच कापशी निघून गेली असती.

सारख्या कॅमेऱ्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कुणाचा फोटो चांगला आला की “तुमचा कॅमेरा भारी आहे” असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. कॅमेरा तोच आहे. मग माणूस खरा प्रश्न विचारतो: किती वाजता गेला होता, कुठल्या बाजूनं ऊन होतं, किती वेळ बसला. आणि उत्तर देणाराही काही लपवत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे घेऊन माणसं एकत्र बसलेली मी पाहिली आहेत. तिथं अर्धा वेळ कुणाचा ब्रँड सरस यातच जातो. आमच्या बैठकीत तो विषयच निघत नाही, त्यामुळे बोलणं थेट उजेडावर आणि पाखरांवर येतं.

या कॅमेऱ्याच्या मर्यादा आम्हाला पाठ आहेत. तो रॉ फाइल देत नाही, फक्त जेपेग देतो. म्हणजे काढतानाच उजेड नीट सांभाळावा लागतो, नंतर दुरुस्तीला वाव थोडा. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहूनही लहान आहे. त्या लहानपणामुळेच एवढा झूम एवढ्या लहान लेन्समध्ये बसला, आणि त्याच लहानपणामुळे संध्याकाळच्या उजेडात चित्रावर रवा दिसायला लागतो. आयएसओ चारशेच्या वर न्यायचा नाही, असा आमचा सगळ्यांचा नेम. ज्यांनी तो मोडून पाहिला त्यांचे फोटो बाकीच्यांनी बघितले आहेत.

पण आमच्यात सगळ्यांत जास्त बोललं गेलं ते एका वेगळ्याच गोष्टीवर, मातीच्या वाफेवर. नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो तो हा प्रश्न: लांबचा पक्षी झूम करून काढला की कडा विरघळल्यासारख्या का येतात? हात हलला का? लेन्स खराब आहे का? तसं काही नसतं. उन्हानं माळ तापला की जमिनीलगतची हवा तापून वर उठते, गार हवा खाली येते, आणि त्या थरांतून येणारा प्रकाश सारखा वाकत राहतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी दिसतं त्याच जातीचा हा प्रकार. २००० मिलिमीटरवर आपण जेवढा पक्षी मोठा करतो तेवढीच ही थरथरही मोठी होते. तिला कुठलाही कॅमेरा, कितीही महाग असो, औषध देऊ शकत नाही. उपाय दोनच: उजाडता उजाडता जायचं आणि जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं. मार्चनंतर तर आठ वाजून गेले की लांबचा फोटो आम्ही सोडूनच देतो. कंडक्टरसाहेबांना हे कळायच्या आधी ते लेन्स बदलून मिळेल का याच्या चौकशीत होते. सांगणारा नेमक्या त्याच कॅमेऱ्याचा, त्याच माळावरचा असल्यामुळे त्यांना पटलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला जतच्या उन्हाची कल्पना नसते.

अक्कांची गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्यांना पक्ष्यांचं वेड नव्हतं. त्यांची डाळिंबाची बाग आहे, आणि तेल्या रोग काय करतो हे जत, आटपाडी, सांगोल्याच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. फळावर, पानावर तेलकट डाग पडतात. सुरुवातीचा डाग ओळखणं महत्त्वाचं असतं. अक्का मोबाइलनं फोटो काढून कृषी सहायकांना पाठवायच्या, पण डागाची कड नीट यायची नाही. हा एवढा झूमचा कॅमेरा जवळच्या कामाचा नाही, अशी त्यांची समजूत होती. मेडिकलवाल्यांनी त्यांना दाखवलं: झूम पूर्ण मागे घ्या, चकतीची खालची कड दाबा, फुलाचं चिन्ह निवडा, आणि पानाच्या अगदी जवळ जा. या कॅमेऱ्यात तसं केलं की सेंटिमीटरभर अंतरावरूनही फोकस होतो. शिवाय पान उन्हाकडे धरून मागून उजेड येऊ द्यायचा, म्हणजे डागाभोवतीची पिवळी कड उठून दिसते. आता त्यांच्या भागातले इतर बागायतदार पानं घेऊन अक्कांकडे येतात. ज्या कॅमेऱ्याचं नाव चंद्रावरच्या खड्ड्यांसाठी जगभर झालं, त्याचं आमच्याकडचं सर्वांत उपयोगी काम हे.

चंद्राचंही सांगतो, कारण तो फोटो प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात काढतोच. कोजागरीला गच्चीवर जाऊन काढलेला चंद्र सपाट येतो. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्याच नसतात. अष्टमीच्या आसपास काढा. उजेड आणि अंधार मिळतात त्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि चंद्राला खोली येते. माडग्याळची मेंढीही अशीच काढावी. तिचं ते बाकदार, पोपटासारखं नाक समोरून घेतलं तर कळतच नाही. सकाळचं तिरपं ऊन आणि मेंढी आडवी उभी, एवढं जमलं की नाकाचा बाक आणि अंगावरचे तपकिरी ठिपके दोन्ही मिळतात. यल्लम्मादेवीच्या मार्गशीर्षातल्या यात्रेत जनावरांच्या बाजारात आम्ही हेच करतो. मालकाला फोटो द्यायचा हा तिथला शिरस्ता. फोटो काढायचा आणि निघून जायचं हे आमच्यात चालत नाही.

सारख्या साधनाच्या माणसांनी एकमेकांना विचारून शिकायची ही रीत नवी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली असेपर्यंत फोटो घ्यावा लागे आणि मुंबईच्या उकाड्यात ते रसायन कसं वागेल हे विलायतेतल्या पुस्तकात नसे. एकाच हवेत, एकाच साधनानं काम करणाऱ्यांनी एकमेकांना विचारूनच ते शिकून घ्यायचं होतं. पुढे आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघरी आग्फाचा क्लिक थ्री आला. रोलवर बारा फोटो, वर ऊन आणि ढग यांच्या खुणा. “ऊन पाठीवर घे” हा सल्ला त्या पिढीत कुणीही कुणालाही देऊ शकत होतं, कारण डबा सगळ्यांचा एकच होता. डिजिटल आल्यावर मॉडेलं इतकी झाली की शेजाऱ्याचा सल्ला शेजाऱ्याच्या उपयोगाचा राहिला नाही. मला वाटतं, हौशी माणसाचं सर्वांत मोठं नुकसान तिथं झालं.

आमचे काही नेम आहेत आणि ते पाळण्यावर मी ठाम आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्याचा फोटो काढायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही. धाविक, टिटवी, चंडोल यांची अंडी उघड्यावर असतात. आपण तिथं घुटमळलो की पक्षी उठतो, अंडी उन्हात राहतात आणि कावळ्याला वाट सापडते. फोटो दाखवायचा तर शटर, आयएसओ आणि वेळ सांगून दाखवायचा. ज्वारीच्या रानात भोरड्यांचे थवे उतरले की आधी शेतकऱ्याला विचारायचं, मग बांधावर पाय ठेवायचा. त्याच्या कणसांचं नुकसान होत असताना आपण त्याला सौंदर्य सांगू नये.

म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आता तालुक्याच्या काही भागात पोचलं आहे. याच पाण्यासाठी २०२२ मध्ये सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली होती. ज्या तलावांत पाणी टिकू लागलं आहे तिथं हिवाळ्यात बदकं दिसतात. हा माळ बदलतो आहे. कोरडवाहू माळावरचे पक्षी कमी होतील, पाणथळीचे वाढतील, आणि हा बदल टिपून ठेवायला तालुक्यात कुणी शास्त्रज्ञ बसलेला नाही. तारीख आणि जागा लिहून ठेवलेले साधे फोटो पुढे कामाला येतील.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पी ९०० आता जुना झाला. २०२० मध्ये आलेला पी ९५० रॉ फाइलही देतो, मोबाइलही सुधारले, आणि बरेच जुने कॅमेरे कपाटात पडून आहेत. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, मंगळवेढा, पलीकडे अथणी, इंडी इथं कुणाकडे तो असेल, तर आधी बॅटरी अर्धी चार्ज करा. पूर्ण उतरलेली बॅटरी वर्षभर ठेवली की ती परत उठेलच असं नाही. तो आता वापरायचाच नसेल, तर भंगारभावात लांब विकू नका. तुमच्या तालुक्यातला त्याच कॅमेऱ्याचा माणूस शोधा, आणि तोही नसेल तर जवळच्या शाळेला द्या. तिथं शिकवायला आम्ही येऊ.