मुलाच्या हातातली सोल्डरिंग काढून घेऊ नका

आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत आठवी-दहावीचा मुलगा जुना रेडिओ किंवा बिघडलेला चार्जर खोलून बसला की वडील रागावतात, "हा पसारा आवर आणि दुकानात बस." आम्ही तीस वर्षे कापडाच्या धंद्यात आहोत आणि आमचे मत याच्या उलट आहे. मुलाला बसू द्यावे. मात्र कोठवर हात घालायचा, ही शिस्त घरातल्या मोठ्यांनी लावावी.

हा नुसता खेळ नव्हे. पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक-दोन रेझिस्टर, बझर आणि टाकीत सोडलेल्या दोन तारा, एवढाच माल लागतो. पाणी तारांना लागले की किंचित वीज वाहते, ट्रान्झिस्टर तिला वाढवतो आणि बझर वाजतो. आता आपला माग आठवा. विजेवरच्या वार्प स्टॉप मोशनमध्ये ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पत्र्याचा ड्रॉपर लटकतो. धागा तुटला की ड्रॉपर खालच्या पट्टीवर पडतो, विजेचा मार्ग जोडला जातो आणि माग थांबतो. टाकीत पाणी जे काम करते, तेच येथे ड्रॉपर करतो. ज्याने घरी बझर वाजवला, त्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही.

रेपियर माग आणि इलेक्ट्रॉनिक जकार्ड यांत तर असे पॅनेल ठासून भरलेले असते. एक कार्ड बिघडले की कारखानदार बाहेरच्या मेकॅनिकची वाट पाहतो. तोवर माग बंद, आणि गजावर किंवा मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराची रोजीही बंद. हे हुनर आपल्याच घरात तयार होत असेल तर ते मोडायचे कशाला? आमच्या पिढीने उर्दू शाळेत विजेच्या आकृत्या वहीत काढल्या, पण सेल आणि तार हाती आली नाही. आजच्या मुलांच्या हाती ती आली आहे.

आता धोक्याची बाजू. बॅटरीवरचे ६ ते १२ व्होल्टचे काम आणि घरातली २३० व्होल्टची वीज, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बिघडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करण्याचा उद्योग हल्ली घरोघरी चालतो. पुष्कळ स्वस्त बल्बांच्या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. वीज चालू असताना संपूर्ण प्लेटच लाइनला जोडलेली असते आणि बोट लागले की झटका बसतो. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते.

पुष्कळांना वाटते, एमसीबी आहे म्हणजे भीती नाही. हा गैरसमज आहे. १६ अँपिअरचा एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाचा जीव मात्र ५० मिलिअँपिअरनेही जाऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवे. त्यावरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. लग्नाच्या रोषणाईवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या घराने येथे काटकसर करू नये.

म्हणून आमची सूचना अशी. पहिली दोन वर्षे मुलाने फक्त बॅटरीवर काम करावे. त्याला मल्टिमीटर आणि २५ वॉटची सोल्डरिंग घेऊन द्यावी. घरच्या वायरिंगला परवानाधारक वायरमननेच हात लावावा, आणि मुलाने शेजारी उभे राहून पाहावे. गोडी टिकली तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकताही येते.

गादीवर बसायला मुलाला पुढे सारे आयुष्य आहे. हाताला वळण लागण्याचे वय मात्र हेच आहे.