चाळिशी शोधायला चाळिशी

परवा रात्री लॅपटॉप सुरू केला, तर नेहमीच्या रंगीत पडद्याऐवजी काळाभोर पडदा समोर आला. त्यावर डाव्या बाजूला मुंग्यांची रांग. चष्मा पुसून पाहिला. मुंग्याच! नाक काचेला टेकेपर्यंत वाकलो तेव्हा कळलं, की ही अक्षरं आहेत आणि लिनक्स मला काहीतरी सांगू पाहतंय.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्सचं रोजचं रूप विंडोजसारखंच, खिडक्या आणि चित्रांचं. पण त्याच्याखाली कन्सोल नावाचं एक तळघर आहे. तिथे नुसती अक्षरं. एरवी तिकडे फिरकायची वेळ येत नाही. वरचा मजला कोसळला की मात्र तिथेच उतरावं लागतं.

शेवटी मोबाईलने पडद्याचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून वाचला. डिस्कमध्ये दोष आहे, रूटचा पासवर्ड द्या आणि हाताने दुरुस्ती करा, असं म्हणत होतं. पासवर्ड दिला, दुरुस्तीचा आदेश दिला. मग प्रश्नामागून प्रश्न यायला लागले, प्रत्येकाच्या शेवटी 'हो' की 'नाही'. दर प्रश्नाला फोटो कोण काढणार? पाच-सहा प्रश्नांनंतर मी न वाचताच 'वाय'चं बटण दाबत सुटलो.

त्या डिस्कवर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. घरातल्या सगळ्यांना त्या माहीत आहेत. बॅकअप होता, पण दिवाळीच्या आधीचा. नंतरची रेकॉर्डिंगं 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली. नावं गेली आणि नुसते आकडे राहिले. एकेक ऐकून पुन्हा नावं दिली. दोन मिळालीच नाहीत. ते प्रश्न धड वाचता आले असते, तर मी तिथेच थांबलो असतो आणि आधी डिस्कची प्रत काढली असती.

आता हे असं का होतं? कन्सोलचं नेहमीचं अक्षर ८ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. माझा जुना लॅपटॉप १४ इंची, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. त्यावर १६ ठिपके म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. नवाही १४ इंचीच, पण ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. त्यावर तेच १६ ठिपके म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर. पडद्यावर १३५ ओळी मावतात आणि एका ओळीत ४८० अक्षरं. एवढी लांब ओळ वाचतं कोण?

गंमत म्हणजे जुन्या काळी हा त्रास नव्हता. १९८७ सालच्या व्हीजीएमध्ये हिशोब ओळींचा असे: ८० अक्षरांच्या २५ ओळी, आणि त्या पडदाभर पसरत. पडदा मोठा तर अक्षर मोठं. २००९ पासून कर्नेल स्वतःच पडद्याचे सगळे ठिपके वापरायला लागलं आणि चित्र रेखीव झालं. पण हिशोब ओळींचा होता तो ठिपक्यांचा झाला, आणि ठिपका तर वर्षागणिक बारीक होत गेला.

उपाय नाहीत असं नाही. दिमितर झेकोव्ह यांचा टर्मिनस हा सुंदर फाँट १६ गुणिले ३२ ठिपक्यांत मिळतो. २०१९ साली तो कर्नेलमध्येच आला. तरी माझ्याकडे काय होतं पाहा: सुरुवातीच्या ओळी चांगल्या ठसठशीत उमटतात, मग दुसरा एक प्रोग्राम जागा होतो, आपला फाँट चढवतो आणि सगळं पुन्हा मुंगीएवढं! एकाने दिवा लावायचा, दुसऱ्याने फुंकर मारायची.

भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, सेटफाँट, मग स्पेस, डॅश, डी. एंटर मार." मारला. अक्षरं दुप्पट झाली! इतकं सोपं होतं. मग त्यानेच टर्मिनस बसवून दिला आणि 'व्हीकन्सोल डॉट कॉन्फ' या फाईलमध्ये एक ओळ घातली, म्हणजे दर वेळी तोच फाँट येईल. (डेबियनवाल्यांनी 'कन्सोल-सेटअप' पुन्हा चालवून १६ गुणिले ३२ निवडावा.) वर म्हणाला, "एकदाच करायचं असतं रे. आणि हल्ली कन्सोल वापरतं कोण?"

इथेच माझं आणि त्याचं जमत नाही. कन्सोल रोज कुणी वापरत नाही हे खरं, पण वापरतो तेव्हा माणूस घाबरलेला असतो, घाईत असतो आणि एका चुकीने काहीतरी कायमचं जाणार असतं. चोवीस वर्षांच्या डोळ्यांना तिथलं दिसतं म्हणून ते सगळ्यांना दिसतं असं नाही. आणि ती एक ओळ घालायची असते हे मला कळलं कधी? ओव्या गेल्यानंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मोठं अक्षर हे न मागता मिळालं पाहिजे. ज्याला मोठं नको असेल तो ते बारीक करून घेईल, कारण त्याला दिसतंय. ज्याला बारीक दिसतच नाही, त्याने ते मोठं करायचा आदेश कुठे वाचायचा? चाळिशी शोधायलाही चाळिशीच लागते, तशातली गत. बरं, पडदा स्वतःची लांबी-रुंदी संगणकाला कळवत असतो, ठिपक्यांत आणि वर सेंटिमीटरमध्येही. म्हणजे अक्षर माणसाला किती मोठं दिसेल हे यंत्राला आधीच माहीत असतं. फक्त विचारायला हवं.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या लॅपटॉपचा पडदा असाच बारीक ठिपक्यांचा असेल, तर आजच, सगळं नीट चालू असताना, ती एक ओळ घालून ठेवा. आणि बॅकअप घ्या. न सापडलेल्या दोन ओव्यांपैकी एक माझ्या लग्नाच्या वेळची होती. मावशीला ती येत असेल, तर पुढच्या भेटीत म्हणून घ्यायची आहे.