जिग, शिलाई मशीन आणि "स्वतः केलेलं"

डव्हटेल सांधा जिग लावून कापला, तर तो "स्वतः केलेला" म्हणायचा की नाही? आमच्या घरात सध्या हा वाद रंगलाय. भाच्याचं ठाम मत : करवत-पटाशीनं कापला तर खरा, राउटरनं कापला तर तो यंत्राचा. मला हे मुळीच मान्य नाही.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुन्या लाकडी टेबलाचा खण बाहेर ओढून त्याचा कोपरा बघा. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकलेले दिसतील. शेपटी टोकाला रुंद, त्यामुळे खण कितीही ओढा, पुढची फळी सुटून हातात येत नाही. खिळा नको, नुसता सरस पुरतो. प्राचीन इजिप्तच्या लाकडी सामानातही हा सांधा सापडतो!

जिग म्हणजे कंगव्यासारखा साचा. एक फळी उभी, एक आडवी, दोन्ही एकमेकींपासून अर्ध्या दात्यानं सरकवून आवळायच्या आणि राउटर कंगव्याच्या दातांतून फिरवायचा. दोन्हीकडचे दाते एकाच फेरीत कापले जातात. ऐकायला किती सोपं ना?

पण पातं किती खाली उतरवायचं, ते जिग सांगत नाही. सांधा ढिला बसला तर पातं किंचित खाली, फार घट्ट झाला तर किंचित वर. हे "किंचित" अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतं! म्हणून आधी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर कापून बघायचं. फळीची कड काटकोनात नसेल तर सांधाही वाकडाच येणार. राउटर फिरत असताना वर उचलायचा नाही, नाहीतर पातं साचाच खातं. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, नाकाला मास्क हवाच. हे सगळं शिकायला मला दोन महिने लागले.

आता माझा मुद्दा. १९६०च्या दशकात आमच्या शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम. रंध्याला हात लावायची आम्हाला सोयच नव्हती. मी मशीनवर परकर शिवला तेव्हा कुणी म्हणालं नाही, की "हा तू कुठे शिवलास, मशीननं शिवला!" कारण कापड बेतायचं, माया सोडायची, दोऱ्याचा ताण बसवायचा, हे काम माझं होतं. टाके सारखे पडणं मशीनचं, परकर अंगावर नीट बसणं माझं. मग लाकडालाच वेगळा न्याय का?

भाच्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे. जिगचे दाते सगळे एकसारखे. हातानं कापणारा कारागीर शेपट्यांमधल्या खुंट्या अगदी बारीक ठेवू शकतो. राउटरला ते जमत नाही, कारण पात्याची मान तिथून जायला हवी. ती नजाकत हाताचीच, आणि तिला माझा नमस्कार.

पण माझा उजवा हात गेली तीन वर्षं थरथरतो. आखलेल्या रेघेवर करवत धरणं आता मला होणार नाही. साचा आवळला की राउटर दोन्ही हातांनी धरून त्याच्या कडेकडेनं नेता येतो. ज्याचा हात स्थिर त्यानंच सांधा करावा, असा नियम केला तर माझ्यासारखीनं नुसतं बघत बसायचं का? लहानपणी सुतारकाम मुलांचं म्हणून नाही, म्हातारपणी हात थरथरतो म्हणून नाही. मग करायचं तरी कधी?

शाळेत मी मुलांना दुरेघी वही देत असे. रेघा छापलेल्या असतात म्हणून अक्षर छापखान्याचं होत नाही, ते मुलाचंच असतं.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भाच्यानं मात्र आधी एक खण करून दाखवावा, मग बोलावं!