बँकेचे दार कोणासाठी उघडे?

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ साली देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर हलविण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. बँकेच्या नावाशी साधर्म्य असलेली बनावट संकेतस्थळे उभारून ग्राहकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांना आळा बसावा, हा त्यामागील हेतू. तो स्वागतार्ह होता याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि घराचा पत्ता सापडला म्हणजे घरात प्रवेश मिळतोच असे नव्हे. दार उघडणे हा पत्त्याहून वेगळा प्रश्न आहे. संकेतस्थळे उघडून दाखविणारी जी आज्ञावली, म्हणजे ज्याला सर्वजण ब्राउझर म्हणतात, ती कोणती असेल तर बँक ग्राहकाला आत घेईल आणि कोणती असेल तर बाहेर उभे करील, याचा निर्णय आजही ज्या त्या बँकेच्या तंत्रविभागाच्या मर्जीवर राहिलेला आहे.

हा प्रश्न महानगरांतील संगणकतज्ज्ञांच्या चर्चेपुरता आहे असे वरवर वाटते. वास्तविक त्याची खरी झळ सिल्लोडसारख्या तालुक्यांना लागते. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव मका, कापूस आणि मिरचीची बाजारपेठ आहे. शेतमालाची पट्टी, पीकविम्याची भरपाई, किसान सन्मान योजनेचा हप्ता, ‘लाडकी बहीण’चे पैसे, निवृत्तिवेतन अशा सर्व रकमा आता थेट बँक खात्यात जमा होतात. शिवना, भराडी किंवा अजिंठ्याच्या परिसरातील खातेदाराला शिल्लक पाहण्यासाठी एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी खर्च करून शाखेच्या रांगेत उभे राहावे लागू नये, हेच तर बँकिंगच्या संगणकीकरणाचे समर्थन होते. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आहे, तोही चार-सहा वर्षांचा जुना आणि कुटुंबातील सर्वांनी मिळून वापरावयाचा, तेथे ‘आपला ब्राउझर या सेवेस पात्र नाही’ एवढी एक ओळ ते समर्थन खोटे पाडण्यास पुरेशी होते. त्यातून ही ओळ बहुधा इंग्रजीत असते. आपले खाते बंद झाले की काय, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात आली तर त्यात नवल नाही.

या दुखण्याचे मूळ जुने आहे. इंटरनेटवरून बँक व्यवहार करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये जाहीर केली. त्या काळात बहुतेक संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ हा ब्राउझर होता. या वर्चस्वासाठी कंपनीने गैरमार्ग अवलंबिले, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने १९९८ साली तिच्यावर खटला भरला होता. इकडे आपल्याकडील अनेक बँका आणि सरकारी खाती मात्र ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते’ अशी पाटी लावून निश्चिंत झाली. त्या एकाच ब्राउझरच्या खास सोयींवर पुढची सगळी इमारत रचली गेली. अंकीय स्वाक्षरीसाठी जावाची जोड-आज्ञावली लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये गूगलच्या ‘क्रोम’ने आणि मार्च २०१७ मध्ये ‘फायरफॉक्स’ने अशा आज्ञावलींना दार बंद केले, तेव्हा अनेक कचेऱ्यांत केवळ एका कामासाठी जुना ब्राउझर जपून ठेवण्याची वेळ आली. शेवटी १५ जून २०२२ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले. ज्याच्या भरवशावर दारे बसविली, तो सुतारच निघून गेला.

दक्षिण कोरियाने याच चुकीची किंमत अधिक स्पष्टपणे मोजली. १९९० च्या दशकात भक्कम सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध होते. म्हणून त्या देशाने स्वतःची पद्धती विकसित केली आणि ती इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’ या जोडणीतून राबविली. हेतू सुरक्षेचा आणि स्वावलंबनाचा होता. परिणाम मात्र असा झाला की, प्रगत म्हणविणाऱ्या त्या देशातील नागरिक बँक व्यवहारांसाठी वर्षानुवर्षे एकाच परदेशी कंपनीच्या ब्राउझरला बांधले गेले. समोर येईल ती आज्ञावली न वाचता मंजूर करण्याची सवय लोकांना लागली, आणि हीच सवय भामट्यांच्या पथ्यावर पडली. सरकारमान्य प्रमाणपत्रांची विशेष सत्ता तेथे संपुष्टात येण्यास डिसेंबर २०२० उजाडावा लागला. सुरक्षेच्या नावाने केलेली सक्ती असुरक्षिततेला कशी जन्म देते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

मराठवाड्याला हा अनुभव अगदी परका नाही. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जो लोहमार्ग आला, तो मीटरगेजचा होता, आणि मनमाडला येणारा मुख्य मार्ग ब्रॉडगेजचा. रेल्वे होती, माल होता, बाजारपेठही होती; पण रुळांचे माप जुळत नव्हते. परिणामी मनमाडला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. त्यातला वेळ आणि खर्च मुंबईच्या नव्हे, तर मराठवाड्याच्या माथी पडत असे. रुंदीकरणासाठी या विभागाला दीर्घकाळ आंदोलन करावे लागले आणि मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद होण्यास १९९० चे दशक उजाडले. ब्राउझरचा प्रश्न याच जातीचा आहे. संकेतस्थळे कशी लिहावीत याची सर्वमान्य मानके आहेत. ती पाळली तर कोणत्याही कंपनीचा ब्राउझर त्यांवरून धावू शकतो. बँकेने मानके सोडून एका कंपनीच्या मापाचे रूळ टाकले, की चढउतार ग्राहकाला करावी लागते. सिल्लोडच्या खातेदारापुरती ही चढउतार म्हणजे ग्राहक सेवा केंद्राची वारी होय.

अर्थात बँकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुना ब्राउझर म्हणजे जुने कुलूप. संकेतस्थळ आणि ग्राहक यांच्यातील संभाषण गुप्त ठेवणाऱ्या ‘टीएलएस’ पद्धतीच्या पहिल्या दोन आवृत्त्या कमकुवत ठरल्या आणि मार्च २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांनी त्या अधिकृतपणे मोडीत काढल्या. अशा आवृत्तीवर चालणाऱ्या ब्राउझरला बँकेने नकार दिला, तर तो ग्राहकाच्या हिताचाच नकार आहे. काही मोबाइल ब्राउझर डेटा वाचविण्यासाठी पाने आपल्या सर्व्हरवर उघडून, आकसून मग ग्राहकाकडे पाठवितात. बँकेचा गुप्तांक अशा मध्यस्थाच्या हातून जाऊ देणे शहाणपणाचे नाही. एकेकाळी भारतात घरोघरी पोहोचलेल्या ‘यूसी ब्राउझर’वर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली, हेही विसरता येत नाही. सर्वांना सरसकट प्रवेश द्या, अशी मागणी म्हणूनच कोणी जबाबदार माणूस करणार नाही.

परंतु किमान सुरक्षेची अट घालणे निराळे आणि अमुक कंपनीच्या ब्राउझरची सक्ती करणे निराळे. पहिली अट कुलूप भक्कम आहे की नाही हे पाहते. दुसरी केवळ कुलपावरचा छाप पाहते. भक्कम कुलूप ज्याच्यापाशी आहे, त्याला छापावरून परत पाठविण्यात सुरक्षा नाही, आळस आहे. या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. संकेतस्थळाची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रांची यादी फोनमध्ये साठविलेली असते. फोन जुना झाला की ती यादीही जुनी होते आणि खरे संकेतस्थळ खोटे वाटू लागते. २०२० साली जुन्या अँड्रॉइड फोनांवर असे संकट येऊ घातले, तेव्हा ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेनेच फायरफॉक्स वापरण्याचा सल्ला दिला, कारण तो ब्राउझर स्वतःची यादी बाळगतो. म्हणजे ब्राउझर निवडण्याचे स्वातंत्र्य ही हौशी माणसाची चैन नसून, नवा फोन घेण्याची ऐपत नसलेल्याचा आधार ठरू शकते.

आता यावर असे सांगितले जाते की, ब्राउझरचे दिवस सरले. बँकेचे अ‍ॅप घ्या म्हणजे झाले. हा युक्तिवाद फसवा आहे. अ‍ॅप म्हणजे बँकेने स्वतः बनविलेला आणि फक्त तिचेच दार उघडणारा ब्राउझर होय. त्याला ठराविक आवृत्तीचा फोन लागतो, साठवणुकीची जागा लागते, वारंवार नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते. अ‍ॅप सोयीचे असेल. पण ज्या दिवशी ते जुन्या फोनवर चालेनासे होईल, त्या दिवशी संकेतस्थळाचे दारही बंद असेल, तर ग्राहकाने जावे कोठे? मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय रिझर्व्ह बँकेने सुरू केली, ती स्मार्टफोन नसलेल्यांचाही विचार केला पाहिजे, हे तत्त्व मान्य करूनच. तेच तत्त्व संकेतस्थळांना लागू करण्यात अडचण कसली?

ग्राहक सेवा केंद्राकडे बोट दाखवूनही बँकांची सुटका होत नाही. स्वतःच्या फोनवर जे काम होत नाही, ते खातेदार दुसऱ्याच्या संगणकावर करवून घेतो. मग वापरनाम, गुप्तांक आणि फोनवर आलेला तात्पुरता अंक तिऱ्हाइताच्या कानी पडतात. बहुतेक केंद्रचालक प्रामाणिक असतात, यात शंका नाही. परंतु गुप्तांक कोणालाही सांगू नका असे ग्राहकाला बजावावयाचे आणि तो सांगितल्यावाचून काम होणार नाही अशी रचनाही करावयाची, हा दुटप्पीपणा आहे. उद्या त्याच वाटेने पैसे गेले, तर ग्राहकाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेच्या चुकीमुळे झालेल्या फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी शून्य ठरविली आहे. पण ग्राहकाने स्वतःच गुप्तांक सांगितला असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते. तो त्याने का सांगितला, हे कोणी विचारीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजीच्या निकालात, अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. तो निकाल अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना ग्राहक-ओळख पडताळणीत येणाऱ्या अडचणींसंबंधी होता. दार सर्वांना उघडता येईल असेच बांधले पाहिजे, हा त्याचा आशय मात्र व्यापक आहे.

त्या दृष्टीने रिझर्व्ह बँकेने पुढचे पाऊल टाकणे इष्ट ठरेल. कोणते ब्राउझर व त्यांच्या कोणत्या आवृत्त्या चालतील, याची यादी प्रत्येक बँकेने संकेतस्थळावर आणि शाखेच्या फलकावर मराठीतून प्रसिद्ध करावी. एखादी आवृत्ती वगळावयाची तर काही महिने आधी सूचना द्यावी आणि पर्याय सांगावा. शिल्लक, खातेउतारा आणि खाते गोठविण्याची विनंती एवढ्या सेवा तरी साध्या, हलक्या पानावर मिळाव्यात. नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते स्वस्त व जुन्या फोनवर, मंद जोडणीवर तपासले जावे. यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा खर्च येत नाही. राष्ट्रीयीकृत बँका आणि छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेली महाराष्ट्र ग्रामीण बँक यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता आरंभ केला, तर ते त्यांच्या स्थापनेच्या हेतूला धरूनच होईल.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा बँक खेड्याच्या वेशीपर्यंत नेण्याची प्रतिज्ञा करण्यात आली होती. पुढे शाखा उघडल्या, खाती उघडली, आता पत्ताही सुरक्षित झाला. ज्याची मिरची बाजारात विकली गेली आणि पैसे खात्यात आले, त्याला ते पैसे स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या फोनवर, कोणाच्या मध्यस्थीवाचून पाहता आले पाहिजेत. तोवर ती प्रतिज्ञा पुरी झाली असे म्हणता येणार नाही.