नाक्यावरची चपराक

प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आपण दर वर्षी उत्तम शुक्रवारी उभे राहून ऐकतो. योहानाने सांगितलेल्या त्या वृत्तांतात एक लहानसा प्रसंग आहे. त्यावर कधी प्रवचन ऐकल्याचे मला तरी स्मरत नाही. हन्नापुढे चौकशी चालू आहे. प्रभू विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतात आणि जवळ उभा असलेला एक शिपाई त्यांच्या थोबाडीत मारतो. का? तर अधिकाऱ्याशी बोलण्याची ही रीत नव्हे म्हणून! येथे प्रभूंनी दुसरा गाल पुढे केला नाही. आपल्या बोलण्यात वावगे काय होते याचा त्यांनी पुरावा मागितला, आणि वावगे नसेल तर हात का उचलला याचा जाब विचारला. शिपायाकडे उत्तर नव्हते. शुभवर्तमानात तरी ते नोंदलेले नाही.

हा प्रसंग मला आठवला तो एका रविवारी, मिस्सा आटोपून जीपने घरी परतताना. आपल्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाबाहेर वाहनांची तपासणी चालली होती. आमच्या पुढे एक मोटारसायकल होती. तरुण नवरा, पाठीमागे बायको, आणि पेट्रोलच्या टाकीवर बसलेले चार-पाच वर्षांचे पोर. शिपायाने पुढे होऊन गाडीची किल्लीच काढून घेतली. तो तरुण काहीतरी सांगू लागला. पहिल्या वाक्यालाच त्याच्या कानाखाली आवाज निघाला. त्या पोराने बापाकडे पाहिले नाही, त्याने शिपायाच्या हाताकडे पाहिले. जीपमध्ये आम्ही नऊजण होतो. त्या दिवशीचा पवित्र कम्युनियन आमच्या पोटात होता. कोणीही खाली उतरले नाही. नाका मागे पडल्यावर एकजण म्हणाला, “हेल्मेट नव्हतं ना डोक्यावर, मग!” आणि विषय संपला.

त्या “मग!” विरुद्ध मला हा लेख लिहावयाचा आहे. शिपायाविरुद्ध नंतर.

शिरस्त्राण नसणे हा गुन्हा आहे, हे मान्य. त्याची शिक्षाही कायद्याने ठरवून दिलेली आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला 1000 रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता, एवढेच त्यात लिहिले आहे. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखविणे चालकावर बंधनकारक आहे, तेही 1988 च्या मूळ कायद्याच्या 130 व्या कलमात आहे. काही प्रसंगी कागदपत्रे ताब्यात घेता येतात, काही प्रसंगी वाहन अडकवून ठेवता येते. बेफाम गाडी हाकणे, मद्य पिऊन हाकणे, दुसऱ्याची गाडी परवानगीवाचून नेणे, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी या कायद्याखाली वॉरंटाशिवाय अटकही करता येते. हा सारा अधिकार थोडाथोडका नाही. परंतु तो कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचून काढला, तरी ‘चपराक’ हा शब्द त्यात सापडणार नाही. अटकेला विरोध करणाऱ्यावर बळ वापरता येते, तेही आवश्यक तेवढेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 46 व्या कलमानुसार, माणूस पळू नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक जखडणेसुद्धा निषिद्ध आहे. जुन्या संहितेतही हेच होते. तेव्हा नाक्यावर पडणारी चपराक ही कायद्याची कठोर अंमलबजावणी नव्हे. तो दुसरा गुन्हा आहे, आणि पहिल्यापेक्षा मोठा आहे. पहिला गुन्हा करणारा निदान कायद्याच्या नावाने पगार घेत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: रस्त्यांवर माणसे किती मरतात ते पाहा! पाहतो. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात. आमच्या धर्मग्रामाच्या दफनभूमीतही विशीतल्या मुलांचे क्रूस उभे आहेत, आणि ते कोणत्या वळणावर गेले हे मला ठाऊक आहे. पण डोके वाचावे म्हणून केलेल्या नियमासाठी धावत्या दुचाकीपुढे काठी आडवी घालायची, हे कोणते शहाणपण? मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेच झाले. हेल्मेटच्या तपासणीला न थांबता पुढे गेलेल्या एका जोडप्याचा अधिकाऱ्याने पाठलाग केला आणि त्यांच्या गाडीला लाथ मारली. पाठीमागे बसलेली स्त्री रस्त्यावर पडून मेली. तिचे डोके वाचविण्यासाठीच ना हा बंदोबस्त होता?

शिवाय ही कळकळ सर्वांसाठी सारखी असती तर गोष्ट वेगळी होती. आपला जिल्हा उसाचा. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी जन्मली तो हा जिल्हा. गाळपाच्या हंगामात कोणत्याही रस्त्यावर रात्री आठनंतर उभे राहून पाहावे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी, आणि वर गाण्यांचा कर्णा. अशा ट्रॉलीवर मागून आदळून किती दुचाकीस्वार गेले, हे गावोगावची माणसे बोटांवर मोजून सांगतील. त्या ट्रॉलीच्या मालकाला नाक्यावर कोणी कानाखाली दिल्याचे आपण ऐकले आहे काय? चालकाला कदाचित, मालकाला कधीच नाही. अभय असे वरून खाली उतरत नाही, ते वरच राहते. चपराक मात्र खालच्या पायरीवर बरोबर पोहोचते.

आणि खालच्या पायरीवर कोण उभे आहे? गाडी थांबवली की आधी परवाना नव्हे, आडनाव विचारले जाते. पोलिसांच्या वहीत पारध्याचे आडनाव गुन्ह्याआधीच लिहिलेले असते. इंग्रजांनी 1871 साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने तो 1952 मध्ये रद्द केला. कायदा गेला, पण नजर गेली नाही. जून 1998 मध्ये आपल्या शेजारच्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण पोलिसांच्या ताब्यात मेला. इतक्या अलीकडे, 3 ऑक्टोबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाला एका निकालात पुन्हा बजवावे लागले की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक करू नका. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजेही वेशीबाहेरचेच होते. मिशनच्या शाळेने आपल्याला वेशीच्या आत आणले. बाहेर राहिलेल्याच्या कानाखालचा आवाज आपल्याला इतक्या लवकर परका वाटावा, याची मला लाज वाटते.

कोणी म्हणेल, एका थोबाडीत मारण्याचे एवढे काय? मारण्याचा परवाना एकदा मनाने देऊन टाकला की तो नाक्यावर थांबत नाही, म्हणून एवढे. त्याचा माग काढीत गेले तर आपल्या जिल्ह्यातील पारनेरच लागते. परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपरच्या बॉम्बस्फोटासंबंधी मुंबई पोलिसांनी पकडला. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितले की त्याला औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. पारनेरच्या पोलीस ठाण्यात तशी फिर्यादही नोंदविली गेली. त्याच्याबरोबर पकडलेल्या एका डॉक्टराने मात्र सांगितले की त्याला कोठडीत कंबरपट्ट्याने मारताना आपण पाहिले. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला आणि तो कोठडीतच मेला असा निष्कर्ष काढला. देह आजतागायत सापडलेला नाही. चौदा पोलिसांवर ठपका आला. खटला भरण्यास शासनाने परवानगी दिली ती चौघांपुरती. ज्या स्फोटासाठी त्याला धरले, त्या खटल्यातील उरलेले आरोपी 2005 साली निर्दोष सुटले. त्याच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजविले. पोलिसांवरच्या खटल्यात पहिला साक्षीदार उभा राहण्यास 2018 साल उजाडले, आणि निलंबित पोलीस 2020 साली पुन्हा सेवेत घेतले गेले. आपल्या पारनेरचा रस्ता या खोट्या कथेसाठी वापरला गेला. त्या रस्त्याने आपण लग्नाची वऱ्हाडे नेतो.

‘पळून गेला’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुन्हा येतो. ॲग्नेलो वल्दारिस हा मुंबईचा पंचवीस वर्षांचा कॅथलिक तरुण. चोरीच्या संशयावरून वडाळा रेल्वे पोलिसांनी त्याला उचलले, आणि तो मेला तेव्हा सांगण्यात आले की तो पळत असता गाडीखाली सापडला. वडील लिओनार्ड वल्दारिस उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जून 2014 मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. ॲग्नेलोच्या मृत्यूची तारीख होती 18 एप्रिल 2014. त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. मुंबईपासून नगरपर्यंतच्या चर्चमध्ये आपण सारे त्या दुपारी उभे राहून तोच वृत्तांत ऐकत होतो.

मग आपल्यातले भाविक डोळे मिटून म्हणतात, प्रभूंनी दुसरा गाल पुढे करावयास सांगितले आहे. सांगितले आहे खरे. पण आपला गाल! शेजाऱ्याचा गाल पुढे करण्याची मुभा डोंगरावरील प्रवचनात कोठे आहे? आणि पौलाचे काय करावयाचे? यरुशलेममध्ये त्याला फटक्यांसाठी वाद्यांनी बांधले तेव्हा त्याने स्तोत्र म्हटले नाही. रोमन नागरिकाला न्यायनिवाड्यावाचून फटके मारणे तुमच्या कायद्यात बसते काय, असे शताधिपतीला विचारले. फिलिप्पैत तर मार खाल्ल्यानंतर तो गुपचूप बाहेर पडण्यास तयार झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा हट्ट त्याने धरला. हा प्रेषित अहंकारी होता काय? ख्रिस्तसभेचे हातही या बाबतीत सदैव स्वच्छ नव्हते. तिच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच नमूद आहे की पूर्वी शासनकर्ते असे क्रौर्य करीत आणि धर्मगुरू पुष्कळदा त्याविरुद्ध अवाक्षर काढीत नसत. तो ग्रंथ शारीरिक छळाचा स्पष्ट निषेध करतो. पण मौनाचा तो जुना रोग आमच्या जीपमध्येही बसलेला होता.

आता शिपायाविषयी. त्याच्यावर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. आपल्याही घरांतली मुले-मुली पहाटे रस्त्याने धावत भरतीची तयारी करतात, आणि त्यांच्यासाठी आपण नवेना करतो. सण, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, सारे त्याच्याच पायांवर. हरेगावच्या यात्रेत पावसात चिखल तुडवीत वाट काढून देणारा तोच असतो. पण थकव्याने हात उचलला जातो हे खरे मानले, तर थकलेला शिपाई आमदाराच्या पोरावर हात का उचलीत नाही? थकव्यालाही माणूस ओळखता येतो, असे दिसते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई विचारावयास आले होते, आम्ही काय करावे? त्याने त्यांना नोकरी सोडा म्हटले नाही. कोणावर जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा, असे सांगितले. प्रायश्चित्तकाळात पोलीस वसाहतीतल्या आपल्या कुटुंबांसमोर याच उताऱ्यावर एखाद्या फादरांनी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

जाब विचारावयाचा कोठे, हा प्रश्न उरतो. अटकेसंबंधी अकरा सूचना सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बसू खटल्यात दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे ही त्यांतलीच एक. 2006 साली त्याच न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग या पातळ्या ठेवल्या, जिल्हा गाळला. अकोल्याच्या डोंगरातल्या आदिवासीने एका चपराकीसाठी विभागाच्या ठिकाणी किती फेऱ्या माराव्यात? म्हणून पहिले दार जवळचेच असले पाहिजे. धर्मग्राम परिषदेने दोन माणसे नेमावीत: एखादा निवृत्त शिक्षक, एखादी वकिलीचे शिक्षण घेतलेली मुलगी. ज्याला मार बसला त्याला, तो आपला असो वा नसो, सरकारी दवाखान्यात नेऊन जखमेची नोंद करवावी. दिवस, वेळ, नाका, शिपायाच्या छातीवरचे नाव हे सारे कागदावर उतरवून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्यावे आणि पोच घ्यावी. खिशातला मोबाईल गाणी ऐकण्यासाठीच नाही. हे सारे करूनही पुष्कळदा काही होणार नाही, हे मी जाणून आहे.

हरेगावचे नाव वर आले. मतमाउलीच्या त्याच गावात 25 ऑगस्ट 2023 रोजी शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून काही तरुणांना, त्यांत दलित मुले होती, झाडाला उलटे टांगून मारले गेले. मारणारे पोलीस नव्हते, गावातलेच होते. संशय आला की मारावे, हे त्यांना कोणी शिकविले? त्यानंतर दोन आठवड्यांनी यात्रा भरली. आम्हीही गेलो होतो. जीपमध्ये तेच नऊजण होतो. वाटेत नाका लागला, तेव्हा चालकाने आम्हाला सीटचे पट्टे लावावयास सांगितले, आणि मागे बसलेल्या माझ्या नातीने विचारले, “आजोबा, इथे मारतात का?”